कोयता

गेल्या श्रावणातील गोष्ट. इयत्ता आठवीच्या वर्गात शेतीविषयक शब्दांचा तास चालू होता. नांगर, कुळव, पाभर, खुरपे असे एकेक शब्द मी फळ्यावर लिहीत होतो आणि मुले त्यांचे अर्थ सांगत होती. अर्थात निम्म्या मुलांनी नांगर चित्रातच पाहिलेला. लिहिता लिहिता मी 'कोयता' हा शब्द लिहिला मात्र, मागच्या बाकांवर खसखस पिकली. "का रे, काय झाले?" म्हणून विचारले तेव्हा एक विद्यार्थी उभा राहिला. मुलगा हुशार, नुकताच सुट्टीत पुण्याला मामाकडे जाऊन आलेला. तो म्हणाला, "सर, कोयता म्हणजे गँग!"

वर्ग पुन्हा हसला. मीही हसलो, कारण अशा वेळी शिक्षक हसला नाही तर पुढचा सारा तास वाया जातो. मुलाचा दोषही नव्हता. हाती कोयते घेऊन दहशत घालणाऱ्या टोळ्यांना पुण्याच्या वृत्तपत्रांनी २०२३ च्या सुमारास 'कोयता गँग' असे नाव दिले, आणि तेव्हापासून घराघरांत हा शब्द त्या बातम्यांबरोबरच पोहोचला. ज्याने हे हत्यार कधी पाहिलेच नाही, त्याच्या कानी त्याचे नाव प्रथम असे पडले तर तो दुसरा अर्थ कोठून सांगणार? तास संपला, मी घरी आलो, पण ते हसणे मनातून जाईना. त्याचे कारण मुलांना ठाऊक नव्हते. माझ्या घरी, स्वयंपाकघराच्या दाराआड, एक कोयता आहे, आणि तो माझ्या वडिलांचा आहे.

माझे घर गोव्यातले. घरी आम्ही कोंकणी बोलतो. मराठी मी शाळेत शिकलो आणि तिच्यावरच आज माझी उपजीविका चालली आहे. वडील 'पाडेली' होते. माडावर चढून नारळ पाडून देणारा तो पाडेली. पायांत दोरीचा फास अडकवून, कमरेला मागच्या बाजूस लाकडी आकडा आणि त्या आकड्यात कोयता खोवून ते माडावर चढत. वर गेले की प्रथम सुकलेली झावळे तोडायची, मग तयार नारळ कोणता आणि शहाळे कोणते हे पाहून घड उतरवायचा. खाली उभ्या असलेल्या आम्हां मुलांना वरून फक्त कोयत्याचा ठक् ठक् आवाज ऐकू येई, आणि तो थांबला की आम्ही मागे सरत असू, कारण लगेच नारळ खाली येणार! कोंकणीत त्याला 'कोयतो' म्हणतात; आमच्या भाषेत घोडा 'घोडो' होतो तसाच कोयताही 'कोयतो' होतो. धाकटी ती 'कोयती'. भाजी चिरण्याची विळी मात्र आमच्याकडे 'आदोळी'. आणि रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारा, जे पातळ धारेचे हत्यार वापरतो ते कोयता नव्हे, ती 'काती'. एका माडाभोवती एवढी शब्दांची गर्दी!

कोयता घरात कोठेही टाकून चालत नसे. आम्ही तो ओलांडला तर वडील म्हणत, "कोयत्याक पांय लायनाका रे पुता." दसऱ्याला तो धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून पाटावर ठेवला जाई. त्या दिवशी वडील माडावर चढत नसत.

पत्नीच्या नोकरीमुळे मी महूला आलो. वडील वारल्यावर आईने तो कोयता गोणपाटात गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवला. येथे माड नाहीत. मालव्याच्या या काळ्या मातीत गहू, हरभरा, सोयाबीन पिकतो. नारळ येतो तो देवाला वाहण्यापुरता. म्हणून कोयता दाराआड पडून राहिला आणि हवेतल्या फरकामुळे असेल, त्याची लाकडी मूठ उकलली. श्रावणातल्या त्या तासानंतर दुसऱ्याच रविवारी मी तो घेऊन बाजारातील एका लोहाराकडे गेलो. वृद्ध कारागीर. त्याने पाते हातात घेऊन उलटसुलट पाहिले, अंगठा धारेवरून आडवा फिरवला आणि विचारले, "मास्साब, ये दराँता कहाँ का है? मालवे का तो नी है।"

दराँता! मी त्याला कोयता म्हणतो, तो त्याला दराँता म्हणतो, पाते तेच. घरी येऊन मी कोश उघडले. हिंदी कोशकार दराँती हा शब्द संस्कृत 'दात्र' या शब्दाकडे नेतात. गुजरातीतले 'दातरडुं' हे तर उघडच त्याचे अपत्य. आणि हा दात्र शब्द काय जुना आहे म्हणता! ऋग्वेदाच्या आठव्या मंडळात एक कवी इंद्रावर भरवसा ठेवून हाती दात्र घेतो आणि कापणीला सिद्ध होतो. पाणिनीने 'साधन' या अर्थाचे कित्येक शब्द एकाच सूत्रात गोवले आहेत. त्यांत नेत्र आहे, शस्त्र आहे आणि दात्रही आहे. ज्याने नेले जाते ते नेत्र, ज्याने कापले जाते ते दात्र. 'दा' म्हणजे देणे हा धातू आपणां सर्वांस ठाऊक असतो. पण कापणे या अर्थाचाही एक 'दा' धातू आहे.

मला सर्वांत मौज वाटली ती यास्काचार्यांची. इसवी सनाच्या कित्येक शतके आधी होऊन गेलेल्या या पंडिताने निरुक्तात लिहून ठेवले आहे की, पूर्वेकडचे लोक कापणे या अर्थी हे क्रियापद वापरतात, तर उत्तरेकडच्या लोकांच्या तोंडी त्यापासून झालेले दात्र हे नाम तेवढे आहे. पुढे पतंजलीनेही महाभाष्याच्या आरंभी हेच उदाहरण घेतले. विद्यार्थी मित्रहो, विचार करा. एवढा मोठा वेदार्थ सांगावयास बसलेला आचार्य कापणी करणाऱ्यांच्या तोंडचा शब्द ऐकण्यासाठी थांबतो, आणि कोणत्या प्रांती लोक काय म्हणतात याची नोंद करतो! लोहाराच्या दुकानात मला जे दिसले तेच त्याला दिसले होते. फरक एवढाच की त्याने ते लिहून ठेवले आणि मी बहुधा मूठ बसवून घेऊन विसरून गेलो असतो.

सोमवारी वर्गात ही हकीकत सांगितली. तेव्हा एका विद्यार्थिनीने शंका काढली, "सर, दात असतात म्हणून दराँती म्हणत असतील." शंका वाईट नव्हती, गवत कापण्याच्या कित्येक विळ्यांना करवतीसारखे दात असतात खरे. परंतु शब्दाच्या चेहऱ्यावरून त्याचे कूळ ठरविण्यात मोठा धोका आहे, आणि त्याचे उदाहरण शोधावयास आपणां महूकरांना दूर जावे लागत नाही. महू हे नाव 'मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर' या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले, असे मी येथे आल्यापासून निदान वीस जणांनी मला सांगितले असेल. ऐकावयास छान वाटते. छावणीचे गाव, तेव्हा पटतेही. पण छावणी वसली ती १८१८ साली मंदसौरचा तह झाल्यावर. महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या सैन्याचा पराभव झाला आणि सर जॉन माल्कमने येथे इंग्रजी फौज बसविली. गाव त्याच्या आधीपासून होते आणि त्याचे नावही होते. शेजारचे महूगाव आजही त्याची साक्ष देते. आद्याक्षरांची ही जुळणी मागाहून कोणी तरी हौसेने केलेली आहे. २००३ साली नगराचे नाव डॉ. आंबेडकर नगर झाले. तरी बोलण्यातले महू काही जात नाही.

आंबेडकरांचे नाव निघाले म्हणून सांगतो. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी या छावणीत झाला, तेव्हा त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ येथे लष्करी शाळेत शिक्षक होते. कुटुंबाचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. म्हणजे कोकणातून येऊन महूत मुलांना शिकविणारा मी काही पहिला नव्हे! आणि पुराणांवर विश्वास असणारे सांगतील की, जवळच्या जानापाव डोंगरावर जन्मलेल्या परशुरामानेच पुढे समुद्र हटवून आमचा कोकण निर्माण केला. त्याच्या हाती मात्र परशू होता, कोयता नव्हे. असो.

मग 'कोयता' हा शब्द कोठला? संस्कृतात त्याचे कूळ मला सापडेना. ते सापडले अगदी अनपेक्षित ठिकाणी, माझ्याच घरी. पत्नीच्या कार्यालयातील एक केरळीय सहकारी भगिनी एके संध्याकाळी चहाला आल्या होत्या. नवी मूठ बसविलेला कोयता मी तेल लावून टेबलावर ठेवला होता. मी त्याचे नाव सांगितले तशी त्या चकित होऊन म्हणाल्या, "आमच्याकडे कोय्त्तु म्हणजे भाताची कापणी!" हत्याराला मात्र त्या मल्याळम् भाषेत 'अरिवाळ' म्हणतात. मग पुन्हा कोश, पुन्हा रात्रीचे जागरण. तमिळमध्ये 'कोय्' म्हणजे तोडणे, कापणी करणे, कन्नडमध्ये 'कोय्यु' म्हणजे कापणे, तेलुगूत 'कोयु'. दक्षिणेच्या चारही भाषांत जो धातू कापणीच्या हंगामात घुमतो, त्याच्याशी आमच्या कोयत्याचे नाते भाषाशास्त्रज्ञ जोडतात. मराठी आणि कोंकणी यांनी हा शब्द शेजारणीकडून उसना घेतला आणि परत करावयाचे विसरून गेल्या. यात लाजण्यासारखे काही नाही. सुपारी कातरण्याचा अडकित्ता कन्नडमधून आला. कुलपाची चावी पोर्तुगीजांकडून आली. आणि गोव्यातला सुतार हातोड्याला आजही 'मार्तेल' म्हणतो, तेही पोर्तुगीजच. हत्यार ज्याच्याकडून घ्यावे त्याच्याकडूनच त्याचे नावही घ्यावे, हा व्यवहार सरळ आहे.

याउलट खास घरची जी नावे, त्यांची रूपे काळाने इतकी झिजविली आहेत की ओळख पटत नाही. 'करपत्र' झिजून करवत झाली, 'कर्तरी'ची कात्री झाली, 'संदंश' याची सांडशी झाली. खुरप्याची गोष्ट तर फारच गमतीची. संस्कृतात 'क्षुरप्र' हा एक बाण आहे, वस्तऱ्यासारख्या धारेचा. महाभारतातील योद्धे तो एकमेकांवर सोडतात. तोच क्षुरप्र झिजत झिजत खुरपे होऊन आज शेतात तण काढीत बसला आहे. त्या केरळीय बाईंच्या 'अरिवाळ' या शब्दातही 'वाळ' म्हणजे तलवार आहे. म्हणजे लोखंडाच्या पात्याने माणसाचे काय करावे आणि गवताचे काय करावे, हा गोंधळ पुण्यातल्या त्या टोळ्यांनी नव्याने निर्माण केलेला नाही, तो फार जुना आहे. मात्र बाणाचे खुरपे होताना पाहून मला जो आनंद झाला, तो कोयत्याची गँग होताना पाहून होत नाही, हे मी कबूल करतो.

मराठी मुलखात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. आमच्या वर्गात तो कोणालाच ठाऊक नव्हता. दिवाळीच्या आगेमागे बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या मुलखात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जाण्यापूर्वी मुकादमाकडून 'उचल' म्हणजे आगाऊ रक्कम घेतात आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडतात. या व्यवहारात माणसे मोजीत नाहीत, कोयते मोजतात. 'एक कोयता' म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. जोडीदार नसलेला एकटा माणूस असला तर तो 'अर्धा कोयता'. जोडीतील कोणी आजारी पडून दिवस बुडाला तर तो 'खाडा', आणि त्याचे पैसे कापले जातात. मी हे सांगू लागलो तेव्हा वर्गात कोणी हसले नाही. एका मुलाने विचारले, "आणि त्यांची मुले, सर? ती कशात मोजतात?" मी म्हणालो, "ती मोजतच नाहीत." पाचटाच्या खोपीजवळ ती खेळत असतात, कोठे कारखान्याच्या तळावर साखरशाळा असली तर तेथे जातात, नसली तर धाकट्या भावंडांना सांभाळतात.

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलांच्या हसण्याने मी इतका का अस्वस्थ झालो, ते त्याशिवाय उलगडणार नाही.

मी नववीत असताना शाळेत एक अर्ज भरून द्यावयाचा होता. त्यात 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. माझ्या बाकावर एका दुकानदाराचा मुलगा होता आणि पलीकडे एका कारकुनाचा. दोघांनी भराभर लिहून टाकले. मी पेन हातात धरून बराच वेळ बसलो आणि मग 'शेती' असे लिहिले. आमच्या मालकीची हातभर जमीनही नव्हती. अर्जावर वडिलांची सही हवी होती. संध्याकाळी ते माडांवरून दमून आले होते. छातीवर आणि पिंढऱ्यांवर सालींचे ओरखडे होते. मी कागद पुढे केला. त्यांना अक्षरओळख होती, पण वाचन एकेक अक्षर जुळवीत. त्यांनी सही करण्यापूर्वी सारा अर्ज वाचला. त्या रकान्यापाशी बोट थांबले. 'शे', 'ती'. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. सही केली, कागद परत दिला आणि कोयता पाजविण्यासाठी दगड घेऊन ते विहिरीकडे गेले. त्यानंतर त्यांनी कधी तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. ते गेले तेव्हा मी येथे महूत होतो. पोहोचलो तोवर दिवस मावळला होता.

कला शाखेची पदवी घेताना मी भाषेचा इतिहास अभ्यासला. अपभ्रंश, प्राकृत, सारे काही परीक्षेपुरते पाठ केले. परंतु 'पाडेली' हा शब्द मी कोणत्याही उत्तरपत्रिकेत लिहिला नाही, किंवा कोणत्याही मित्रापाशी उच्चारला नाही. एखादा शब्द नाहीसा होतो तो नेहमीच परक्या भाषेच्या दडपणाने होतो असे नव्हे. पुष्कळदा घरचाच मुलगा तो गिळून टाकतो. येथील आपल्या मराठी घरांत मी हे रोज पाहतो. आजी 'इळा' म्हणते, आई 'विळा' म्हणते, आणि नातीला विचारले तर ती 'वो काटने वाला' म्हणून मोकळी होते. मी तिला बोलणार तरी काय? मी तर जाणूनबुजून केले.

त्या आठवड्यात मी मुलांना गृहपाठ दिला होता: आपल्या घरी, शेजारी, आजोळी या हत्याराला काय काय म्हणतात ते विचारून आणा. फारशी आशा नव्हती. पण वह्या आल्या त्या भरून आल्या. विळा, इळा, विळी, कोयती, कत्ती, खुरपे, दराती, हँसिया, दातरडुं. एका मुलीने आजीला विचारले तेव्हा आजीने तासभर माहेरच्या कापणीची हकीकत सांगितली म्हणे. मुलीने तीही लिहून आणली, चार पाने. एकाने विळ्या-भोपळ्याचे सख्य या म्हणीचा खुलासा मागितला. आणि पुण्याला जाऊन आलेल्या त्या मुलाने मामाला दूरध्वनी केला होता. मामांच्या घरामागे रसवंतीचे दुकान आहे. त्यांच्याकडून त्याने विचारून घेतले होते की, उसाचा कोयता आणि नारळाचा कोयता यांत फरक असतो. उसाच्या कोयत्याचे पाते सरळसे असते आणि नारळाच्या कोयत्याला पुढे चोच असते. वहीत दोन्हींच्या आकृत्या होत्या. चोच थोडी जास्त वाकली होती. मी ती लाल शाईने सुधारली नाही. तास सुटल्यावर त्याला घरी बोलावले आणि दाराआडचा कोयता त्याच्या हाती दिला. "जड आहे हो, सर," तो म्हणाला. मग त्याने आकृती स्वतःच खोडून पुन्हा काढली.

माझी मुलगी यंदा तिसरीत आहे. तिच्या वर्गात 'माझे कुटुंब' या विषयावर दहा ओळी लिहावयाच्या होत्या. आजोबांविषयीच्या ओळीशी येऊन ती अडली आणि वही घेऊन माझ्याकडे आली. "बाबा, पाडेलीला मराठीत काय म्हणतात?"

मी जरा विचार केला. नारळ उतरविणारा, माडावर चढणारा, असे काही सांगता आले असते. मी म्हटले, "पाडेली असेच लिही."

"ली पहिली की दुसरी?"

"दुसरी," मी सांगितले.